परवडणारे घर आणि ते बांधणाऱ्याची कसोटी

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत आले. घर बांधणे ही त्या काळी आयुष्यातील एकदाच येणारी कसोटी होती, आणि ती ज्याची त्याने द्यायची होती. आज शहरातील सामान्य माणूस घर बांधत नाही. तो ते विकत घेतो. बांधण्याची कसोटी त्याने दुसऱ्या कोणावर तरी सोपवली आहे, आणि त्या दुसऱ्याला मराठीत 'बिल्डर' असे म्हणतात. हा शब्द उच्चारताना आपल्या आवाजात जी कडवट छटा येते, ती अकारण नाही. रखडलेल्या इमारती, अर्धवट राहिलेले जिने, ताबा न मिळताच सुरू झालेले कर्जाचे हप्ते आणि वर्षानुवर्षे न मिळणारे अभिहस्तांतरण यांचा अनुभव घेतलेल्या लाखो कुटुंबांनी त्या शब्दाला हा अर्थ दिला आहे. पण त्याच वेळी हेही खरे की, घरांचा प्रश्न सुटायचा असेल तर कोणीतरी ती बांधली पाहिजेत, आणि सरकार एकट्याने ती बांधू शकत नाही, हे गेल्या शंभर वर्षांत पुरेसे सिद्ध झाले आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या दीड-दोन दशकांत बांधकाम क्षेत्रात आलेल्या एका नव्या पिढीची दखल घेतली पाहिजे. स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वित्तव्यवस्थापन शिकलेले, तिशीतले तरुण आलिशान मनोऱ्यांच्या मागे न लागता शहराच्या वेशीबाहेर चारशे-पाचशे चौरस फुटांची घरे बांधण्याच्या व्यवसायात उतरले. त्यांतील काही टिकले, काही वाढले, आणि बरेचसे तिसऱ्या-चौथ्या प्रकल्पापर्यंत पोहोचता पोहोचता कर्जात किंवा न्यायालयात अडकले. असे का व्हावे? हा प्रश्न केवळ त्या तरुणांच्या भवितव्याचा नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे दोन-चारशे कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी उभी असते. तो बुडाला की तीही बुडते. म्हणूनच स्वस्त घर बांधणाऱ्या प्रामाणिक तरुणाला या देशात टिकून राहता येते की नाही, हा एका व्यावसायिकाचा नव्हे, तर समाजाचा प्रश्न आहे.

प्रथम गरजेचे मोजमाप पाहू. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये देशाच्या शहरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले होते. यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती. त्याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, या तुटीचा फार मोठा भाग, सुमारे दीड कोटी कुटुंबे, उघड्यावर राहणाऱ्यांचा नव्हता. ही कुटुंबे छपराखालीच होती. पण एका खोलीत आईवडील, लग्न झालेला मुलगा, सून आणि नातवंडे अशी दाटीवाटीने राहत होती. आणि त्याच वेळी, २०११ च्या जनगणनेनुसार, देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी पडून होती. याचा अर्थ स्वच्छ आहे. घरे बांधली जात नव्हती असे नाही. ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी ती बांधली जात नव्हती. भूक एकीकडे आणि स्वयंपाक दुसरीकडे, अशी ही अवस्था होती.

ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील कोंदट वस्त्यांचे भीषण रूप उघडे पाडले, तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये विकास विभाग निघाला आणि वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत गिरणगावाच्या पिढ्या वाढल्या. दुसऱ्या बाजूला समाजाने स्वतःच्या बळावर एक वाट शोधली होती. १९१५ मध्ये गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आशिया खंडातील ती पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. नफा हा हेतू न ठेवता मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन मिळवावी आणि घरे बांधावीत, ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत रुजली ती तेथून.

स्वातंत्र्यानंतर मात्र कायद्यांनीच या वाटांवर काटे पेरले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देण्याचा त्यामागील हेतू चांगला होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय अर्धशतक टिकला. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा घरमालकांनी भाड्यासाठी नवी घरे बांधणे थांबवले आणि जुन्या इमारती कोसळू लागल्या. चाळीतील परवडणारी खोली हा प्रकारच संपला आणि घर म्हणजे मालकीची सदनिका, एवढाच पर्याय उरला. पाठोपाठ १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन सरकारजमा करून ती गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असे त्याचे उदात्त स्वरूप होते. प्रत्यक्षात जमीन सरकारकडे फारशी आलीच नाही. ती दाव्यांत अडकली. दुर्बल घटकांच्या घरांसाठी म्हणून कायद्यात सवलतीची कलमे होती. ज्याला ती सवलत मंत्रालयातून मिळवता येई, तोच बांधकाम व्यावसायिक मोठा होई. घर चांगले बांधण्यापेक्षा परवानगी चांगली 'मिळवणे' हे या व्यवसायातील खरे कौशल्य ठरले. राज्यकर्ते, अधिकारी आणि बिल्डर यांच्या ज्या अभद्र युतीवर आपण इतके बोलतो, तिची पाळेमुळे या काळात रुजली आहेत. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राला तसे करायला २००७ च्या नोव्हेंबरची वाट पाहावी लागली.

या साऱ्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याची गरज नाही. गिरगाव, लालबाग, परळ येथील मराठी कुटुंबाची दुसरी पिढी डोंबिवलीला गेली, तिसरी बदलापूर-वांगणीला. विरार संपले तेव्हा पालघर-बोईसर आले. आपल्याच शहरातून माणूस उपनगरी गाडीच्या एकेका स्थानकाने मागे ढकलला गेला.

अशा स्थितीत २००८ चे जागतिक आर्थिक संकट आले. महागडी घरे विकली जाईनात, तेव्हा बांधकाम क्षेत्राला पिरॅमिडच्या तळाशी असलेला ग्राहक प्रथमच दिसला. २००९ मध्ये टाटा हाऊसिंगने बोईसर येथे ३ लाख ९० हजारांपासून ६ लाख ७० हजारांपर्यंतच्या घरांची योजना जाहीर केली आणि एकच खळबळ उडाली. एम्फसिस ही माहिती तंत्रज्ञान कंपनी उभारणारे जयतीर्थ राव आणि बँकिंग क्षेत्रातील पी. एस. जयकुमार यांनी स्वस्त घरांसाठीच कंपनी काढली; जयकुमार पुढे २०१५ मध्ये बँक ऑफ बडोदाचे प्रमुख झाले. बुद्धिमान माणसे या क्षेत्राकडे वळत आहेत, हे पाहून अनेक तरुणांनी हिंमत केली. त्यांच्याकडे टाटांचे नाव नव्हते आणि रावांचे भांडवलही नव्हते. होती ती एखादी वडिलोपार्जित जमीन, शेतकऱ्याशी केलेला संयुक्त विकसनाचा करार, आणि मोठे काही करून दाखवण्याची उमेद.

अशा तरुणाची वाटचाल कशी होते, हे एकदा क्रमाने पाहण्यासारखे आहे. पहिली पायरी जमिनीची. बांधकाम व्यावसायिकाला जमीन खरेदीसाठी बँक कर्ज देत नाही. मग तो खासगी सावकार, वित्तसंस्था किंवा चढ्या परताव्याची अपेक्षा धरणारा गुंतवणूकदार यांच्याकडे जातो. जमिनीचा सातबारा पाहावा तर त्यावर कुळाची नोंद, बहिणींची हक्कसोडपत्रे नाहीत, एखादा वारस परगावी. फेरफारांची साखळी जुळवण्यात वर्ष जाते. त्यानंतर अकृषिक वापर, नकाशा मंजुरी, अग्निशमन, पर्यावरण, वीज, पाणी, जोडरस्ता अशा एकेका दाराशी तो उभा राहतो. प्रत्येक दार उघडते; पण ते केव्हा उघडेल, हे कोणी सांगू शकत नाही.

येथेच स्वस्त घरांचे सारे गणित दडलेले आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एका तरुणाने प्रत्येकी २५ लाखांची दोनशे घरे बांधायला घेतली. एकूण विक्री ५० कोटींची. दहा टक्के नफा धरला तर ५ कोटी. प्रकल्पात कर्जाऊ भांडवल १५ कोटींचे आणि त्यावरील व्याज वर्षाला १५ टक्के. म्हणजे वर्षाचे व्याज सव्वादोन कोटी. परवानग्यांच्या चक्रात प्रकल्प ठरल्यापेक्षा दोन वर्षे लांबला, तर साडेचार कोटी रुपये केवळ व्याजापायी गेले. ५ कोटींतून उरले पन्नास लाख. त्यात सिमेंट-पोलाद थोडे महागले, तर तो तोट्यात. दक्षिण मुंबईत कोट्यवधींची सदनिका विकणाऱ्याचा नफा इतका मोठा असतो की, त्याला असा विलंब पचतो. स्वस्त घरे बांधणाऱ्याला तो मारतो. म्हणजे एकाच खिडकीपुढील एकच रांग श्रीमंतांच्या घरासाठी केवळ गैरसोय ठरते आणि गरिबांच्या घरासाठी मृत्युदंड. जो विलंब लाच देऊन टळतो, त्या विलंबापुढे प्रामाणिक माणसाची काय गत होत असेल, याची कल्पना करावी.

सरकारने या क्षेत्रासाठी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. किंबहुना गेल्या दशकात जेवढे झाले, तेवढे त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील खरेदीदाराला व्याज अनुदानापोटी २ लाख ६७ हजारांपर्यंत साहाय्य मिळू लागले. २०२२ च्या मार्चपर्यंत ते चालू होते. २०१७ च्या अर्थसंकल्पाने परवडणाऱ्या घरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या पात्र प्रकल्पांच्या नफ्यावर प्राप्तिकरात पूर्ण वजावट होती. एप्रिल २०१९ पासून अशा घरांवरील वस्तू व सेवा कर एक टक्क्यावर आणला गेला. सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला असून पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट आहे. व्याज अनुदान १ लाख ८० हजारांपर्यंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र सरकारनेही मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर करून २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे लक्ष्य ठेवले आहे.

तथापि हेतूची शुद्धता मान्य करूनही काही प्रश्न विचारावे लागतात. परवडणारे घर म्हणजे नेमके कोणते? एक टक्का करासाठी २०१९ मध्ये ठरलेली मर्यादा ४५ लाख रुपयांची आणि महानगरांत ६० चौरस मीटर चटईक्षेत्राची, इतरत्र ९० चौरस मीटरची. आवास योजनेच्या नव्या टप्प्यात व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. मुंबईत या किमतीत घर मिळत नाही. आणि लातूर किंवा अकोल्यात ४५ लाखांचे घर घेणारा माणूस गरीब नसतो. ४५ लाखांच्या घरासाठी ३६ लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने आणि साडेआठ टक्के व्याजाने घेतले, तर महिन्याचा हप्ता ३१ हजारांच्या घरात जातो. ज्याचे सारे उत्पन्नच पंचवीस-तीस हजार आहे, त्याला हे घर 'परवडणारे' आहे असे सांगणे ही त्याची थट्टा आहे. सवलतीची रेषा किमतीवर आखली की बांधणारा त्या रेषेच्या अगदी वरच्या टोकाशी जाऊन उभा राहतो, कारण तेथे त्याचा नफा अधिक असतो. ती रेषा त्या-त्या शहरातील कुटुंबाच्या उत्पन्नावर आखली गेली पाहिजे.

दुसरा प्रश्न अंतराचा. जमीन स्वस्त मिळते ती जेथे रस्ता, पाणी आणि रोजगार नाही तेथे. कर्जत किंवा बोईसर मुंबईच्या टोकापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेथे घर घेतलेला माणूस पहाटे निघतो आणि रात्री परततो. जागेपणी त्याची मुले त्याला रविवारी दिसतात. घरात नळ असतो. पण पाणी टँकरने येते आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. शाळा दूर, दवाखाना दूर. स्वस्त घराची उरलेली किंमत तो रोजच्या रोज आपल्या आयुष्यातून फेडत असतो. यात बांधणाऱ्या तरुणाचा दोष थोडा आहे. लोहमार्ग, जलवाहिनी आणि शाळा उभारणे हे त्याचे काम नव्हे. ते शासनाचे काम आहे, आणि वसाहत उभी राहिल्यानंतर दहा वर्षांनी नव्हे, तर आधी करण्याचे काम आहे.

मात्र या तरुण व्यावसायिकांना केवळ परिस्थितीचे बळी ठरवणे आम्हाला मान्य नाही. अनेकांनी आपल्या हाताने आपला घात करून घेतला आहे. पहिला प्रकल्प बरा चालला की गुंतवणूकदार मागे लागतो, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकतात, आणि एकाच वेळी आठ-दहा ठिकाणी पाट्या लागतात. मग पहिल्या प्रकल्पाचे काम दुसऱ्याच्या आगाऊ रकमेतून आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या आगाऊ रकमेतून. ही टोपी त्याला आणि त्याची टोपी ह्याला घालण्याची रीत जोवर नवी नोंदणी येत असते तोवर चालते. एक तिमाही मंदीची आली की सारा डोलारा कोसळतो. २०१६ चा स्थावर संपदा कायदा नेमका यासाठी आला. मे २०१७ मध्ये महारेराचे काम सुरू झाले आणि खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिना आणि गच्ची विकण्याचा धंदा कायद्याने थांबवला. चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित झाली. काही व्यावसायिकांनी या कायद्याला जाच म्हटले. प्रामाणिक माणसाला तो जाच नसून कवच आहे, कारण खोटे आश्वासन देऊन किंमत पाडणाऱ्याशी त्याला यापुढे स्पर्धा करावी लागत नाही. उणीव आहे ती एवढीच की, कायदा बांधणाऱ्याला तारखेने बांधतो. परवानगी देणाऱ्याला मात्र तारीख नाही. विलंबाचा दंड एकानेच भरायचा आणि विलंब दोघांनी करायचा, हा न्याय अपुरा आहे.

ही वाट चालता येण्यासारखी आहे, याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. वाईजवळच्या पसरणीत जन्मलेले बाबुराव गोविंदराव शिर्के हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडले आणि १९४४ मध्ये विशीच्या उत्तरार्धात असताना त्यांनी बांधकाम व्यवसाय सुरू केला. स्वस्त घर म्हणजे निकृष्ट घर, हे समीकरण त्यांनी स्वीकारले नाही. स्वीडनमधील सिपोरेक्स हे हलक्या काँक्रिटचे तंत्र त्यांनी भारतात आणले, कारखान्यात साचेबद्ध भाग तयार करून ते जागेवर जोडण्याची पद्धत विकसित केली, आणि शासकीय गृहनिर्माण संस्थांसाठी हजारो घरे उभी केली. बालेवाडीचे क्रीडासंकुलही त्यांच्याच संस्थेचे काम. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा बोध तंत्रापुरता नाही. कमी नफ्याच्या व्यवसायात वेळ वाचवणे हीच खरी कमाई असते, आणि वेळ वाचवायचा असेल तर मजुराच्या पोटावर नव्हे, तर आपल्या बुद्धीवर ताण द्यावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा दाखला वास्तुविशारदांचा आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूर येथे आणि बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळ अरण्य वसाहतीत अशी मांडणी केली की, कुटुंबाला प्रथम छोटा भूखंड आणि घराचा गाभा मिळावा, आणि पुढे जसजशी ऐपत वाढेल तसतसे त्याने ते स्वतः वाढवावे. अरण्यमधील सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या कल्पनेला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. खेड्यातील आपले घर असेच वाढत आले आहे. एक खण, मग पडवी, मग माडी. शहरातील गरिबाला एकदम पूर्ण घराच्या कर्जात लोटण्यापेक्षा ही रीत आपल्या स्वभावाला अधिक जवळची आहे.

तिसरा दाखला सोलापूरचा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित कष्टकऱ्यांची रे नगर ही सहकारी वसाहत कुंभारीच्या माळावर उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील १५ हजार घरे कष्टकऱ्यांना सुपूर्द झाली. डाव्या चळवळीतील नरसय्या आडम यांचा पुढाकार, केंद्र व राज्य सरकारचे अर्थसाहाय्य आणि कामगारांचा स्वतःचा वाटा, यांच्या मेळातून हे काम झाले. त्यांच्या विचारसरणीशी आमचे मतभेद आहेत आणि राहतील. पण कष्टकऱ्याच्या डोक्यावर छप्पर येत असेल तर त्या कामाला रंग नसतो, एवढे म्हणण्याइतका मनाचा मोठेपणा आपल्या सार्वजनिक जीवनात असला पाहिजे.

याउलट मुंबईतील बीडीडी चाळींकडे पाहावे. वरळीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. जमीन सरकारची, यंत्रणा सरकारची, इच्छाशक्तीही होती. तरी आठ वर्षे लागली. शासनाच्या पाठबळावरील प्रकल्पाची ही गत असेल, तर शहापूर किंवा चाकण परिसरात एकट्याच्या बळावर उभ्या असलेल्या तरुणाकडून आपण कोणत्या वेगाची अपेक्षा करावी?

यावरचे उपाय अशक्य कोटीतले नाहीत. ठराविक आकाराच्या आतील घरांच्या प्रकल्पांना स्वतंत्र खिडकी असावी, प्रत्येक परवानगीला मुदत असावी, आणि मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे कायद्याने समजले जावे. शासनाच्या आणि महामंडळांच्या ताब्यातील रेल्वेस्थानकांजवळच्या जमिनी लिलावात सर्वाधिक बोलीला न विकता, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, घराची कमाल किंमत आधी ठरवून द्याव्यात. जो कमीत कमी किमतीत चांगले घर देईल, जमीन त्याची. भाड्याच्या घरांना पुन्हा प्रतिष्ठा मिळावी. शहरात नव्याने आलेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी मालकीचे घर नको असते, त्याला सुरक्षित खोली हवी असते. रिक्षाचालक, भाजीविक्रेती, घरकाम करणारी भगिनी यांच्याकडे पगारपत्रक नसते म्हणून बँक त्यांना दारात उभे करत नाही. अशांची पत ओळखण्याचे काम आपल्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था करू शकतात, कारण त्या या माणसांना नावाने ओळखतात. तालमकींचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे कठीण वाटू नये.

आणि या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द सांगायला हवेत. एका वेळी एकच प्रकल्प हाती घ्या, तो पुरा करा, संस्था स्थापन करून द्या, जमिनीचे अभिहस्तांतरण करा आणि मगच पुढच्या जमिनीकडे पाहा. अभिहस्तांतरणाच्या टाळाटाळीमुळे शासनाला कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, ही या व्यवसायाला भूषणावह गोष्ट नाही. ताबा दिल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात त्या इमारतीत जाऊन भिंतीची ओल स्वतः पाहा. ज्याने चाळीतील एक खोली विकून, आईचे दागिने मोडून आणि गावची जमीन गहाण ठेवून तुमच्याकडे रक्कम भरली, तो तुमचा ग्राहक असला तरी त्याने तुमच्या हाती दिलेली ठेव ही धर्मादाय निधीइतकीच पवित्र आहे. या व्यवसायात अफाट संपत्ती मिळणार नाही. टिकून राहिलात तर प्रतिष्ठित उपजीविका आणि हजारो कुटुंबांचा दुवा मात्र निश्चित मिळेल.

वास्तू सदैव तथास्तु म्हणत असते, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे थोरांनी शिकवले. पण ज्याला अजून वास्तूच लाभलेली नाही, त्याच्या मनातील इच्छेला तथास्तु कोणी म्हणायचे? शासनाने मुदतीचे बंधन स्वतःवर घ्यावे, समाजाने सहकाराची जुनी वाट पुन्हा चालावी, आणि या व्यवसायातील तरुणांनी नोंदणीच्या आकड्यापेक्षा दिलेल्या ताब्यांच्या आकड्यावर आपली उंची मोजावी. येत्या पाच वर्षांत लाखो घरांची उद्दिष्टे जाहीर झाली आहेत. त्या उद्दिष्टांचा हिशेब मंजूर नकाशांत नव्हे, तर हाती पडलेल्या किल्ल्यांत मागण्याचे काम आता नागरिकांनी करायला हवे.